शिष्य आणि मंडळी : टिळकांचा 'देवाचा दरबार' आणि ठाणे-कल्याण परिसरातील ख्रिस्ती जीवन

मराठीतील ख्रिस्ती साहित्याचा विचार आजवर प्रामुख्याने धर्मांतराच्या अंगाने झाला आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय', पंडिता रमाबाईंचे लेखन, नारायण वामन टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ह्या साहित्याकडे अभ्यासक वळतो तो बहुधा एकच प्रश्न घेऊन : ही माणसे ख्रिस्ती का झाली? प्रश्न गैर नाही. परंतु त्याचे उत्तर सापडले, की अभ्यासकाचे कुतूहलही संपते. बाप्तिस्मा ही एका दिवसाची घटना असते. पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ साली झाला आणि ते १९०६ पर्यंत जगले; म्हणजे त्यानंतरची बावन्न वर्षे त्यांनी ख्रिस्ती समाजात, त्यातील माणसांच्या सहवासात आणि कुरबुरींत काढली. ह्या बावन्न वर्षांचे काय करायचे, हे मराठी समीक्षेने फारसे ठरवलेले नाही.

धर्मांतरानंतर जे उरते त्याला ख्रिस्ती परिभाषेत शिष्यत्व म्हणतात, आणि ते जिथे जगायचे त्या समूहाला मंडळी. ह्या दोहोंचा संबंध नेमका कसा असावा, हा प्रश्न टिळकांनी १९१७ साली आपल्या आयुष्याच्या अखेरीस उभा केला. दोन वर्षांत त्यांचा मृत्यू झाला आणि प्रश्न तसाच राहिला. ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या झपाट्याने बदललेल्या नगरांतील ख्रिस्ती जीवनाकडे पाहिले असता तो प्रश्न अद्यापि जिवंत आहे, मात्र त्याचे रूप बदलले आहे, असे दिसते. प्रस्तुत लेखात त्या बदललेल्या रूपाचा शोध घ्यावयाचा आहे.

दोन शब्द

'शिष्य' हा शब्द मराठीत येतो तो गुरूला बरोबर घेऊनच. निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव, विसोबा खेचर आणि नामदेव अशा जोड्यांनी ह्या शब्दाचा अर्थ आपल्या मनात घडवला आहे. हे नाते एकास एक असे असते. गुरूने उपदेश करावा, शिष्याने तो धारण करावा; शिष्याला गुरुबंधू असू शकतात, पण गुरुबंधूंशी त्याचे पटते की नाही यावर त्याचे शिष्यत्व अवलंबून नसते. शुभवर्तमानांतील शिष्यत्व मुळातच निराळे आहे. तेथे बारा जण बोलावले जातात, ते एकत्र चालतात, एकत्र जेवतात, मोठा कोण यावरून आपापसांत भांडतात, आणि त्यांच्यातलाच एक गुरूला धरून देतो. ग्रीक मुळात शिष्य म्हणजे शिकणारा, आणि त्याची प्रमुख क्रिया म्हणजे गुरूच्या मागून चालणे. मराठी परंपरेत याला जवळचे काही असेल तर ते गुरुशिष्याची जोडी नव्हे, दिंडी होय. दिंडीत चालणारा एकट्याच्या श्रद्धेने निघतो, पण चालतो मात्र टाळकऱ्यांच्या रांगेत, आणि त्या रांगेची शिस्त त्याला पाळावीच लागते.

'मंडळी' हा शब्दही असाच विचार करण्याजोगा आहे. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या काळापासून तो चर्चसाठी रूढ झाला. मराठीत मात्र त्याचे अंग दुहेरी आहे. 'घरची मंडळी' म्हटले की रक्ताची, नात्याची माणसे; 'नाटक मंडळी' म्हटले की काही एका हेतूने जमलेली, नात्याने परकी माणसे. ग्रीक शब्दाचा अर्थ बोलावून जमवलेली सभा असा असल्याने तो दुसऱ्या अर्थाच्या जवळचा आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्या कित्येकदा पहिल्या अर्थाने वाढल्या : एका गावच्या, एका जातीच्या, एका गोतावळ्याच्या. शब्दातले हे द्वैत समाजातही उतरले, आणि पुढे येणाऱ्या बऱ्याच अडचणींचे मूळ येथे आहे.

कॅथलिकांची मराठी याहून वेगळी. त्यांच्याकडे चर्च ही 'ख्रिस्तसभा', पॅरिश म्हणजे 'धर्मग्राम', बिशपांच्या अधिकारक्षेत्राला 'धर्मप्रांत'. प्रॉटेस्टंटांचा 'पाळक' तेथे 'धर्मगुरू' होतो आणि 'बाप्तिस्मा' हा 'स्नानसंस्कार'. वसई आणि साष्टीच्या बोलींत तर चर्चच्या इमारतीला सरळ 'देऊळ' म्हणत आले आहेत. एकाच प्रांतात, एकाच धर्माचे लोक आपल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या गोष्टींना दोन वेगवेगळ्या शब्दसंग्रहांनी संबोधतात, ही बाब भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. 'धर्मग्राम' ह्या शब्दात ग्राम आहे. ज्या ख्रिस्ती जीवनाला गाव होते, शेतवाडी होती, बोली होती, त्याला तो शोभून दिसतो. डोंबिवलीतल्या सातव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाचा धर्मग्राम कोणता, असे विचारले म्हणजे शब्द आणि वास्तव यांच्यातले अंतर कळते.

ह्या परिभाषेची सुरुवात अर्थात फादर स्टीफन्स यांच्यापासून. १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेल्या, सुमारे ११,००० ओव्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गाला वैकुंठ म्हणण्याचे धाडस त्यांनी केले. पण उत्तर कोकणाच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे, आणि तुलनेने दुर्लक्षित, असे दुसरे एक पुराण आहे. सतराव्या शतकात फ्रान्सिस्को वाझ द गिमराइश याने येथील बोलीत ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे आख्यान रचले. ते रोमन अक्षरांत छापले गेले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. उपवासकाळात ते गाण्याची-वाचण्याची प्रथा येथील ख्रिस्ती कुटुंबांत होती. शिष्यत्व म्हणजे एका आख्यानाचे वर्षानुवर्षे सामूहिक श्रवण, ही कल्पना त्यातून दिसते. आणि हरिविजय-पांडवप्रताप ऐकणाऱ्या शेजारच्या आळीला ती मुळीच परकी वाटली नसती.

टिळकांचा दरबार

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला. परंतु त्यांचे प्राथमिक शिक्षण कल्याणला झाले. पुढे नाशिक, नागपूर, राजनांदगाव असा त्यांचा भटका क्रम. १८९३ साली आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये अध्यापन, प्रवचन, कीर्तन आणि १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त त्यांच्या गीतांचा वाटा इतका मोठा आहे, की टिळक वगळून त्या पुस्तकाची कल्पनाच करता येत नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. समीक्षकांनी ह्या उद्गाराला पुष्कळ महत्त्व दिले आहे, पण त्यातला पूल एवढाच पाहिला आहे. पूल ओलांडून पलीकडे गेल्यावर टिळकांना काय दिसले?

त्यांना दिसले ते मिशनचे कंपाउंड. तेथे शाळा होती, दवाखाना होता, पगार होता, आणि पगार देणारा साहेब होता. ख्रिस्ती झालेला माणूस आपल्या गावापासून तुटून ह्या आवारात येई आणि त्याचे शिष्यत्व म्हणजे बहुतांशी मिशनशी असलेले चाकरीचे नाते होऊन बसे. टिळकांना हे सलत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन करण्याचा संकल्प केला. ह्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना स्थान होते. गुरू एकच, ख्रिस्त. बाकी सर्व गुरुबंधू.

ह्या कल्पनेची पूर्वतयारी त्यांच्या घरातच झाली होती. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि तशी अटही कोणी घातली नाही. त्या घराची पंगत हा एक अनौपचारिक दरबारच होता. त्याही आधी, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी कोणत्याही एका पंथाच्या मताधिकाराला मान तुकवण्यास नकार दिला होता. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार ह्या वादाने भरलेला आहे. तेव्हा ख्रिस्ताचे शिष्यत्व आणि पंथाचे सदस्यत्व यांत फरक करण्याची प्रवृत्ती मराठी ख्रिस्ती विचारात टिळकांच्या आधीपासून होती. त्यांनी तिला एका संस्थेचे रूप देऊ पाहिले इतकेच. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघात त्या कल्पनेचे काही अंश दिसतात.

दरबाराबद्दल लिहिताना अभ्यासकांचा सूर बहुधा गौरवाचा असतो. पण एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. मंडळीविना शिष्यत्व ही कल्पना टिळकांना सुचली, कारण मंडळीवाचून त्यांचे काही अडले नव्हते. विद्या होती, कवी म्हणून मान होता, पगार सोडला तर त्याला संन्यास हे प्रतिष्ठेचे नाव मिळत होते. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातील महारवाड्यातून आलेल्या ख्रिस्ती माणसाची स्थिती अशी नव्हती. ज्या गावात त्याला चावडीवर बसायला जागा नव्हती, तेथे मंडळी ही त्याला पहिल्यांदा बसायला जागा देणारी संस्था होती. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना हे टिळकांना परावलंबन वाटले, तर त्या माणसाला ते उभे राहण्याचे साधन वाटले. दोघांचेही खरे होते. मात्र साहित्याच्या इतिहासात टिळकांचाच आवाज उरला, कारण लिहिणारे ते होते.

'स्मृतिचित्रे' ह्या दृष्टीने अधिक समतोल ग्रंथ आहे. लक्ष्मीबाई पतीपाठोपाठ लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सुमारे पाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, ह्या निष्कर्षाला त्या ख्रिस्ती होण्यापूर्वीच स्वतःच्या विचाराने आल्या होत्या. त्यांचा बदल सिद्धान्तातून झालेला नाही. तो पाण्याच्या तांब्यातून, चुलीतून, कोणाच्या हातचे खायचे ह्या रोजच्या पेचातून झाला. १९३४ ते १९३६ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या ह्या ग्रंथाचा मोठा भाग बाप्तिस्म्यानंतरच्या आयुष्याचा आहे, आणि अभ्यासक्रमात मात्र त्यातली लग्न, ताटातूट आणि पुनर्मीलन एवढीच प्रकरणे पुनःपुन्हा नेमली जातात. जोसेफीन इंक्स्टर यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९५० साली 'आय फॉलो आफ्टर' ह्या नावाने निघाले. मागून चालणे हीच शिष्याची क्रिया, हे भाषांतरकर्तीने ओळखले. बाई कोणाच्या मागून चालत होत्या, पतीच्या की ख्रिस्ताच्या, हा खोडकर प्रश्न शीर्षकाने मोकळा ठेवला आहे, आणि तो लक्ष्मीबाईंनाही आवडला असता.

ठाणे-कल्याण : तीन प्रवाह

टिळकांचे बालपण ज्या कल्याणात गेले त्या परिसराला ख्रिस्ती इतिहासात जुने स्थान आहे. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे ठिकाण आपले कल्याणच की केरळातील कोल्लम, याबद्दल मतभेद आहेत. ठाण्याविषयी अधिक खात्रीने बोलता येते. १३२१ साली तेथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्या अस्थी पुढे नेणाऱ्या ओदोरिक ह्या प्रवाशाने ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याची नोंद केली आहे. पोर्तुगीज येण्याच्या दोन शतके आधी ठाण्यात पंधरा घरांची मंडळी होती! तिचे पुढे काय झाले, तिची प्रार्थना कोणत्या भाषेत चाले, याविषयी इतिहास मौन पाळतो.

त्यानंतरचा काळ पोर्तुगीजांचा. मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च त्या काळाशी नाते सांगते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले तरी येथील मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक राहिलेच. १८८७ साली त्यांच्यातील पुढाऱ्यांनी मुंबईत ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली आणि 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नोकऱ्यांसाठी आलेल्या गोवेकर व मंगळुरी कॅथलिकांपासून आपले वेगळेपण दाखवणे हा त्यामागचा एक हेतू होता. गंमत अशी की मातीतल्या माणसांनी आपले मातीशी नाते सांगण्यासाठी कंपनी सरकारची आठवण देणारे इंग्रजी नाव निवडले. इंग्रजी अमदानीत ठाण्यात सेंट जेम्स चर्च उभे राहिले. १८२५ साली बिशप हेबर यांनी त्याचे समर्पण केले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यालाच पोचली आणि पुढच्या वर्षी कल्याणला. येथून पुढे ह्या परिसराचे ख्रिस्ती जीवन रुळांनी घडवले.

स्वातंत्र्योत्तर काळात वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांमुळे माणसे आली. स्थूलमानाने तीन प्रवाह दिसतात. एक, मुंबईत जागा परवडेना म्हणून उपनगरांकडे सरकलेले ईस्ट इंडियन, गोवेकर, मंगळुरी कॅथलिक. दुसरा, केरळातून परिचारिका, कारकून, तंत्रज्ञ म्हणून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचा. तिसरा, नगर, जालना, सोलापूर भागांतून आलेल्या मराठी प्रॉटेस्टंटांचा. त्यांच्या पूर्वजांच्या निरनिराळ्या मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त एकत्र आल्या.

ह्यांतील दुसऱ्या प्रवाहाने मोठा प्रश्न निर्माण केला. लॅटिन परंपरेत धर्मग्राम हा भूभागावर ठरतो : ज्या हद्दीत राहता त्या हद्दीतले चर्च तुमचे. सिरो-मलबार परंपरेच्या लोकांना मात्र आपला उपासनाविधी, आपली मल्याळम प्रार्थना हवी होती. ३० एप्रिल १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांच्यासाठी कल्याण धर्मप्रांत निर्माण केला. २०२५ साली त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. नावाच्या निवडीमागे कॉस्मसच्या 'कल्लियाना'ची स्मृती आहे, असे त्या परंपरेत मानले जाते. परिणाम असा, की कल्याण-डोंबिवलीत एकाच पोपला मानणारी दोन कुटुंबे एकाच जिन्यावर राहतात आणि रविवारी दोन वेगळ्या बिशपांच्या अधिकाराखालील चर्चांत जातात. एकाची मंडळी पत्त्यावरून ठरते, दुसऱ्याची वंशपरंपरेवरून. 'मंडळी' शब्दाचे जे दोन अर्थ वर सांगितले ते येथे कायद्याच्या भाषेत समोरासमोर येतात.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाव दिला, तेव्हा लोकभाषा कोणती याचे उत्तर वसईला सोपे होते. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या वसईत मराठी मिस्सा रुजली, 'सुवार्ता' मासिकाभोवती लेखक-वाचक जमले, आणि त्याच भूमीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे आले. 'सुवार्ते'चे दीर्घकाळ संपादन, हरित वसईची चळवळ, 'सुबोध बायबल' आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हा त्यांचा प्रवास. जमीन, पाणी, बोली आणि धर्मग्राम एकत्र असल्यामुळे हिरवी वसई वाचवणे हाच तेथे शिष्यत्वाचा आविष्कार होऊ शकला. डोंबिवलीला लोकभाषेचे उत्तर सोपे नाही. तेथील कॅथलिक धर्मग्रामात कोकणी, तमिळ, मराठी, इंग्रजी बोलणारे एका बाकावर बसतात. सर्वांना समजणारी म्हणून इंग्रजी पुढे सरकते, आणि मराठीला एखाददुसरी मिस्सा राहते. ज्या राज्यात चर्च उभे आहे त्या राज्याची भाषा चर्चमध्ये एक अल्पसंख्य गटाची भाषा ठरते.

दाखला आणि बाप्तिस्मा

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा पेच भाषेचा तितका नाही. तो कागदाचा आहे. १९५० साली निघालेल्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमण्यात आला.

महाराष्ट्रात ह्याचा अर्थ फार जवळचा आहे. मराठवाड्यातल्या किंवा नगरच्या एकाच भावकीत एक घर १९५६ नंतर बौद्ध झालेले आणि दुसरे त्याआधी दोन पिढ्या ख्रिस्ती झालेले, असे आढळते. आजोबांचा महारवाडा एकच, भोगलेले दुःख एकच. पण एका नातवाला दाखला मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. तेव्हा काही कुटुंबे मधला मार्ग काढतात : शाळेच्या दाखल्यावर हिंदू जात, आणि रविवारी मंडळीत हजेरी. मुलाचा बाप्तिस्मा लांबवला जातो, किंवा होतो पण नोंदवहीत लिहिला जाऊ नये अशी पाळकाला विनंती केली जाते. पाळकापुढचा पेच साधा नसतो. नोंद केली तर मुलाच्या शिक्षणाचे नुकसान, न केली तर मंडळीच्या सत्याला बाधा.

येथे टिळकांच्या दरबाराकडे पुन्हा पाहावेसे वाटते. त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्याला सन्मानाने जागा दिली होती. तो शिष्य त्यांच्या कल्पनेत मोकळा होता. जातीत, कुटुंबात राहून ख्रिस्ताला मानण्याचे स्वातंत्र्य त्याला हवे होते. आज उपनगरातील मंडळीत शेवटच्या बाकावर बसणारा नोंद नसलेला शिष्य मोकळा नाही. त्याने बाप्तिस्मा टाळलेला नाही. व्यवस्थेने तो महाग केला आहे. टिळकांनी ज्याला आध्यात्मिक उदारपणा मानले ते येथे नाइलाजाचे नाव झाले. आणि दुसऱ्या बाजूने, मंडळीतही सर्व काही निर्मळ नाही. विवाह जुळवताना, मंडळीच्या निवडणुकीत, दफनभूमीतील जागेवरून पूर्वाश्रमीची जात डोके वर काढते. दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी करणाऱ्या अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात हाच प्रश्न विचारला होता : ख्रिस्ती झालेल्या दलिताचा इतिहास कोणाचा, मिशनऱ्यांचा की त्याचा स्वतःचा? दलित आत्मकथनांच्या मराठीतील मोठ्या परंपरेत ख्रिस्ती दलिताचे कथन इतके विरळ का, ह्याचे एक कारण ह्या नोंदीच्या भीतीत असावे. ज्याला आपली ओळख कागदावर लपवावी लागते तो आत्मचरित्र कसे छापणार?

प्रार्थनेची भाषा

तिसऱ्या पिढीची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी त्यांना बोलता येते, वाचताना अडखळते. 'उपासना संगीता'तील ओवी-अभंगाच्या चाली त्यांना कानाने ठाऊक असतात, पण शब्द डोळ्यांना अनोळखी. गायकवृंदातील तरुण मुले गीते रोमन अक्षरांत उतरवून घेतात, मोबाइलच्या पडद्यावर वाचून गातात. शुद्धलेखनाच्या अभिमान्यांना यात ऱ्हास दिसेल. पण स्टीफन्स आणि गिमराइश यांचे ग्रंथ रोमन अक्षरांतच छापले गेले होते आणि तरी ते मराठीच राहिले. लिपीपेक्षा चिंतेची गोष्ट वेगळी आहे. टिळकांची रचना समजायला तुकारामाचा अभंग कानांवर पडलेला असावा लागतो. ज्या मुलाने हरिपाठ ऐकलेला नाही आणि ज्याला शाळेत तुकाराम नीट शिकवला गेलेला नाही, त्याला टिळकांचे भजन जुन्या वळणाचे गाणे वाटते. त्यातला पूल त्याला दिसतच नाही. ही उणीव मंडळीची नाही. ती मराठीच्या वर्गाची आहे.

याच पिढीतील अनेक जण नव्या, स्वतंत्र प्रार्थनासभांकडे वळतात. भाड्याचे सभागृह, गिटार आणि ढोल, हिंदी-इंग्रजी मिश्र गीते, आणि पूर्वाश्रमीच्या जातीची चौकशी न करणारा जमाव. जुन्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांना हे उथळ वाटते. त्यांचा आक्षेप संगीतापुरता बरोबर असेलही. परंतु जेथे आडनाव विचारले जात नाही तेथे तरुण का जातो, हे त्यांनी स्वतःच्या निवडणुकांकडे पाहून समजून घ्यावे. ह्या सभांत 'शिष्यत्व' हा शब्द फार ऐकू येतो. वर्ग असतात, पुस्तिका असतात, एक ज्येष्ठ एका नवागताला घडवतो. म्हणजे गुरुशिष्याची जोडी परत आली आहे, तीही बहुधा इंग्रजीवरून बेतलेल्या साच्यातून. दिंडी मात्र तिथे क्वचितच दिसते. माणसे दोन-तीन वर्षांत सभा बदलतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सर्वच देवळे, मशिदी, चर्च बंद झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, पुढील लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत खुली झाली. ह्या दीड वर्षात मंडळी म्हणजे इमारत नव्हे, हे प्रवचनातले वाक्य लोकांना खरे करून दाखवावे लागले. उपासना मोबाइलवर आली. कल्याणच्या मंडळीचे सभासद जालन्याहून, नगरहून, आखातातूनही तीत सामील झाले, आणि गावाकडच्या आजी मुंबईच्या नातवाबरोबर एकाच वेळी गीत गाऊ लागल्या. पण प्रभुभोजनाचे काय? भाकर पडद्यातून देता येत नाही. काही मंडळ्यांनी घरोघर आपापली भाकर ठेवण्यास मुभा दिली, काहींनी विधीच थांबवला. लक्ष्मीबाईंचा प्रश्न होता कोणाच्या हातचे खायचे; येथे खाऊ घालणारा हातच दूर गेला होता. आणि दारे उघडल्यावर जे परतले नाहीत, त्यांना मंडळीच्या नोंदवहीत कोणत्या रकान्यात लिहायचे, हा प्रश्न पाळकांपुढे राहिला.

ह्या नोंदवह्या, वार्षिक अहवाल, सणांच्या स्मरणिका, हाताने लिहिलेल्या गीतवह्या हे सर्व मराठी गद्य-पद्यच आहे. टिळकांच्या मृत्यूने 'ख्रिस्तायन' आरंभीच्या काही अध्यायांवर थांबले होते. उरलेले बहुसंख्य अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि १९३८ साली, त्यांच्याही मृत्यूनंतर, ग्रंथ प्रसिद्ध झाला. ते काम पुरे करताना त्यांच्यापुढे वाचक म्हणून नगरची मंडळी होती. ठाणे-कल्याणच्या मंडळ्यांचे लेखन अद्याप कोणी संकलित केलेले नाही. जुन्या चाळी आणि इमारती पाडून नव्या उभ्या राहत असताना कपाटांतील ह्या वह्या आधी रद्दीत जातात.